पाच घरांचं पीठ

४ फेब्रु., बुध.
पहाटेचा जप झाला. ध्यानात आज पुन्हा मनीषाच. माझा सचिन आणि ती दिवाळीनंतर वेगळे राहायला गेले. तीन गल्ल्या पलीकडे, म्हणजे कंधारात राहून परगावी. जाताना सूनबाई म्हणाली, "या घरात चहापत्तीसुद्धा मागून घ्यावी लागते." कोठीची किल्ली माझ्या कमरेला असते, खरं आहे. सासूबाईंच्याही असायची. घराला शिस्त नको? मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाले, शाळा काय अशीच चालवली?
असो. घर खायला उठतं.

७ फेब्रु., शनि.
एसटीने अहमदपूर, नणंदबाईंकडे. माहूरच्या आईची परडी अक्कांच्याच घरी असते. म्हटलं, अक्का, भक्तीच्या पायऱ्या असतात ना? श्रवण झालं, नामस्मरण झालं, पूजाअर्चा तर रोजचीच. मी कितवीत?
"चढून राहिलीस का मोजून राहिलीस?" वर हसल्या. मग म्हणे, "जप लई झाला, सुमन. आता जोगवा माग. मंगळवारी, पाच घरी. मिळंल त्या पिठाची भाकर करून खायची."
मी? परडी घेऊन दारोदार? अर्ध्या गावाला मी पाढे शिकवले!
राग आला. परडी आणि कवड्यांची माळ मात्र घेऊन आले.

१० फेब्रु., मंगळ.
झाला एकदाचा जोगवा. कुणाची पंचाईत नको म्हणून पाचही घरी कालच फोन करून ठेवले होते. जाधव मॅडमनी चाळलेलं गव्हाचं पीठ दिलं, वर खण. देशपांड्यांकडे पोहे, चहा. मोऱ्यांच्या सुनेने फोटो काढला, चांगला आलाय.
अक्कांना हौसेने सांगितलं. "हाव, छान. हळदीकुंकू झालं. जोगवा कवा मागणार?"
बोलायला यांचं काय जातं. दिवसभर तोंड कडू.

१३ फेब्रु., शुक्र.
अक्कांचाच फोन. घरं निवडायची न्हाईत. एक गल्ली धरायची, ओळीनं जायचं. दारात पुकारायचं अन् थांबायचं. दिलं तरी उदो, न्हाई दिलं तरी उदो.
"कुठली गल्ली?"
"तुला म्हाईत हाय."
फोन ठेवला त्यांनी. मला माहीत आहे, हेच वाईट.

१७ फेब्रु., मंगळ.
गेले त्या गल्लीत. पहिल्याच घरात आतून विचारलं, कोण आहे गं? पोरगी म्हणाली, "मागणारी बाई आलीया." मागणारी बाई. अंगावर पाल पडावी तसं झालं. पीठ दिलं, मूठभर.
तिसरं घर कांबळे सिस्टरांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर. "आम्ही देवीचं काही करत न्हाई, मॅडम. पण टेका जरा, ऊन लई हाय." माठातलं पाणी दिलं. बरं वाटलं.
त्यापुढे दोन घरं. मग मनीषाचं दार. बाहेर तिच्या चपला.
मागे फिरले. पीठ चारच घरांचं, पाच भरली नाहीत, भाकर नाही. उपाशी झोपते.

२४ फेब्रु., मंगळ.
चार घरं घेऊन तिच्या दारात. "आई राजा उदो उदो", हळूच पुकारलं. मनीषा ओल्या हातांनी बाहेर आली. परडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"हे कामावर गेलेत."
"तुझ्याकडेच आले. जोगवा दे, मनीषा."
"थांबा, देते."
हे तर माझंच वाक्य. चहापत्तीला, साखरेला, तिचे आईवडील आले तेव्हा शेंगदाण्यांना. थांब, देते. आणि मग हातातलं काम संपवून उठायचे.
उभी राहिले. आत डब्याचं झाकण वाजलं. मूठभर पिठाला इतका वेळ? कुणी जाणाऱ्याने बघितलं तर, असं वाटत होतं. ही पोर रोज अशी उभी राहायची. रडू आलं, तिथेच दारात. पदर परडीखाली, पुसायचं कशाने.
वाटी भरून ज्वारीचं पीठ आणलं. वर मीठ. परडीच्या पाया पडली, माझ्या नाही. आत या म्हणाली नाही. दार लोटलं, कडीचा आवाज मात्र आला नाही.
घरी येऊन भाकर थापली. पाच घरांचं पीठ एकात एक, तिचं कुठलं ते कळेना. अर्धी खाल्ली, अर्धी झाकून ठेवली. अक्कांना फोन केला नाही. कितवी पायरी वगैरे काही विचारायचं नाही आता.
किल्ली काढून ओट्यावर ठेवली. घर उघडंबोडकं वाटलं, परत कमरेला खोचली.
मंगळवारी पुन्हा त्याच दारात. जोगवा मागता येतो, कळलं. घरी चल, एवढं मागता येईल का, माहीत नाही.