बाटलीवरची चिकटपट्टी

४ तारीख, सोमवार
पोचले एकदाची! लॅब छोटी, पण चकचकीत. माझी साहेबीण म्हणजे ताई. डॉक्टरसुद्धा तिला ताईच म्हणतात. राहायची सोय लॅबच्या वर, तिच्याच घरी. धाकटी बहीण समजून राहा, म्हणाली. मला तर रडूच आलं, वेडी कुठली! मी रक्त-लघवीचे नमुने घ्यायचे, लेबलं लावायची. तपासणी आतल्या खोलीत, एकटी ताई करते. उरक असा की सकाळचे नमुने, दुपारी रिपोर्ट!

११, सोमवार
लघवीला जळजळ. पाणी पीत नाहीस, लघवी दाबून ठेवतेस, ताई रागावली. खरंच आहे, कामात उठायला होतंच कुठे!

१३, बुधवार
थंडी वाजून ताप. डावीकडे बरगडीखाली, पाठीत ठणका. मळमळ. अगदी पुस्तकातलं दुखणं: जंतू मूत्राशयातून वर मूत्रपिंडात चढलेत. लघवीत पू सापडेल, कल्चरमध्ये जंतू वाढवला की कोणता ते कळेल, मग नेमकं औषध. बाटलीचं झाकण गळकं होतं, चिकटपट्टी गुंडाळून ताईला दिली. दुपारी रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल, कल्चरसुद्धा. कल्चरला दोन दिवस लागतात ना, विचारलं. हसून म्हणाली, वेडाबाई, झोप आधी. पाठ चोळून दिली, वेदनाशामक गोळ्या दिल्या.

१५, शुक्रवार
लघवी गढूळ, लालसर, थोडीशीच. डोळ्यांखाली सूज. पुन्हा नमुना दिला, पुन्हा पट्टी लावून. नॉर्मल. गोळ्या दुप्पट.

१६, शनिवार
ताई बाजारात गेली, तशी भिंत धरून खाली उतरले. आतल्या खोलीत मायक्रोस्कोपवर धूळ. बादलीत बाटल्या. माझ्या दोन्ही होत्या— पट्टी जशीच्या तशी. कुणी उघडलीच नाही. कुणाचीच नाही. पहिल्याच आठवड्यात आलेली ती तापाने फणफणलेली गरोदर बाई— तिला नॉर्मलचा रिपोर्ट मीच हसत दिला.
मागे ताई उभी. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, अगं, तू दुसरीकडे तपासलंस तर माझं काय होईल?

१८, सोमवार
बाहेरून कडी. फोन चार्जिंगला म्हणून नेला, तो नेलाच. बहीण म्हणाली होती मला! केसाने गळा कापला मेलीने—
हुडहुडी. खाली पेशंट. जीव तोडून ओरडले. ताई त्यांना सांगतेय, धाकटी बहीण आहे हो, तापात बरळते—
पावलं. दाराखालून कागद सरकला. आजचा रिपोर्ट. सगळं नॉर्मल.
आज मी नमुना दिलाच नाही. कालपासून मला लघवीच झा—