आवडाबाईचे मडके आणि माझे

वालाच्या एका मडक्याचा खरा खर्च असा झाला: कुंभाराचे मडके, तोंड बंद करायला मेण, चैत्रातल्या दोन दुपारी आणि माझी धाकटी बहीण आवडाबाई. पहिल्या तीन गोष्टी पुन्हा मिळतात.

मी सहदेव बिन राघो भोईर, वय सुमारे बासष्ट, धंदा बियाण्याचा, राहणार कल्याण, हे मृत्युपत्र कोणाच्या भरीस न पडता लिहितो. अक्कल ठिकाणावर आहे. कान तर असे, की परवा वैद्यबुवा ओट्यावर शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "सहदेवाला पुढचा पावसाळा काही दिसत नाही," तेही मी माडीवर ऐकले.

कलम १. डोक्यावरच्या टोपलीतून बी विकता विकता मी हे पक्के दुकान केले. पत्नी बायजा वारली, मूलबाळ नाही. बायजाची तांब्याची घागर शेजारच्या शेवंतीस द्यावी. दुखण्यात पेज तिनेच आणली, आणि बसून दोन शब्दही बोलली.

कलम २. अंगणातला काळा फत्तर दुकानाबरोबर जावा. दोन दुपारी त्यावर वाल तापला की मुठीत खुळखुळतो. मूठ कानाशी नेऊन बी पारखणारा या बाजारात मी एकटा. काळुराम तेली फत्तर मागेल, त्याला देऊ नये. त्याने माझ्या मापाला खोटे म्हटले होते.

कलम ३. आवडाबाई, राहणार दिवा, बी सावलीत वाऱ्यावर आठ दिवस पसरी, मग कोवळे ऊन दाखवी. नऊ वर्षांमागे भर बाजारात मी तिला हसलो. "अगं, तुझं बी मुकं! गिऱ्हाईक आठ दिवस थांबेल काय?"

ती म्हणाली, "आरं दादा, वाजतं म्हनून जितं नसतं. तू वाल वाळवत नाय, भाजतोस."

लोक माझ्या बाजूने हसले. मग पैज लागली: एकाच वावरातला वाल, दोघांची दोन मडकी, मेणाने बंद करून माझ्या माळ्यावर, दहा वर्षांनी उघडून कोणाचे जास्त उगवते ते पाहायचे. मडके ठेवून ती दुकानाचा ओटा उतरली ती उतरलीच. ओट्यावर चढणारा प्रत्येक पाय मी न पाहता ओळखतो. तिचा आला नाही. मीही निरोप धाडला नाही.

दुकान, माडी व सर्व बी आवडाबाईस द्यावे. अट एकच: तिने ओट्यावर येऊन "दादाचे कान खरे" एवढे म्हणावे. दहावे वर्ष माझ्या हाती नाही, म्हणून आजच साक्षीदारांसमक्ष दोन्ही मडकी उघडून वीस-वीस दाणे ओल्या गोणपाटात घातले. माझे वीसच्या वीस उगवतील. निकाल ठाऊक असल्याने थांबत नाही.

सही: सहदेव बिन राघो भोईर
साक्षी: विठ्ठल दगडू सुतार, पोपट गोविंदा गवळी
मुक्काम कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८११

जोड, शुद्ध ११, त्याच साक्षीदारांसमक्ष: कलम ३ मधली अट खोडली आहे. आवडाबाई येवो न येवो, दुकान तिचेच. फत्तर शेवंतीस धुणे धुवायला द्यावा. विठ्ठल आज दिव्यास जात आहे. "दादाने बोलावलंय" एवढेच त्याने सांगावे.

माझ्या मडक्यातला वाल अजून खणखणीत वाजतो. गोणपाटात आवडाबाईचे चौदा दाणे उगवले. माझा एक.