साहेबांच्या घरातून गेलेला होकार

साहेब, हे मी बोलते आहे आणि नात टाइप करते आहे. मला अजून अक्षर येत नाही. तुम्ही पाटी आणून बसवलंत तेव्हा माझं सगळं लक्ष फोडणीकडे होतं.

आता मी सिंगापुरात, सेंगकांगला, लेकाच्या फ्लॅटमध्ये असते. काल तुमच्या मुलीचा मेल आला. तुम्ही गेल्यावर ती तुमच्यावर पुस्तक लिहिते आहे. मुंबईतली तुमच्या देशाची वकिलात, मग तिकडचं परराष्ट्रमंत्रीपद, मग दोन भांडखोर शेजाऱ्यांना एका सतरंजीवर बसवणारे थोर मुत्सद्दी. नात वाचत होती आणि मला वाटत होतं, हे कोण गृहस्थ? माझ्या साहेबांना तर स्वतःचे मोजे सापडत नसत.

त्यात तुमच्या मुंबईच्या बंगल्यातली ती दुपार आहे. तुमच्या देशाच्या शेजारचा म्हातारा शेख आलाय. त्याची बोट तुमच्या हद्दीत शिरली म्हणून त्याचा मुलगा आणि खलाशी तुमच्याकडच्या तुरुंगात आहेत. मी कॉफी देते. तो कप समोर ठेवतो, हात लावत नाही. तुम्हा अरबांत पाहुण्याने असं केलं की त्याला काही मागायचं असतं. यजमान हो म्हणेपर्यंत तो पीत नाही. तुमच्या सरकारचा हुकूम होता, सोडायचं नाही. तुम्ही आपले हवापाण्याचं बोलत बसलात. मी पुढे झाले, तो कप उचलला, दुसरा गरम भरून म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "पियो बाबा, हो जाएगा." तो प्यायला. तुमच्या घराने शब्द दिला, चार माणसांदेखत.

संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात आलात. मी गाठोडं बांधायच्या तयारीत. तुम्ही ओट्याला टेकून म्हणालात, "बाई, आज तुम्ही माझ्या देशाच्या वतीने हो म्हणालात."

मी म्हटलं, कॉफी निवली होती, आमच्यात पाहुण्याला निवलेलं देत नाहीत. मग तुम्ही सरकारला कळवलंत की कप तुमच्याच सांगण्यावरून बदलला. देशाचा शब्द स्वयंपाकिणीने दिला, हे तरी कुठल्या तोंडाने कळवणार? माणसं सुटली आणि तुम्हाला मायदेशी नेऊन कोपऱ्यातल्या कचेरीत पाच वर्षं बसवलं. पुढे दोन्ही देशांचं बोलणंच तुटलं, तेव्हा म्हातारा म्हणाला, बोलेन तर त्याच माणसाशी. तिथून तुमचं नशीब फिरलं.

मुलगी विचारते, कप बदलायला बाबांनी खरंच सांगितलं होतं का? सगळे याला तुमची दूरदृष्टी म्हणतात. नात म्हणाली, "आज्जी, जस्ट टेल द ट्रूथ लाह. यू विल बी इन द बुक." मी तिला लिहायला लावलं, हो, साहेबांनीच सांगितलं होतं. ते उत्तर गेलं.

हे कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. तुमच्या घरी सहा वर्षं मी कॉफी ओतली. न प्यायलेल्या कपाचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. म्हातारा आत येण्याआधी जिन्यात डोळे पुसत उभा होता आणि माझा लेक तेव्हा कडेवर होता. नातीची बोटं थांबलीत; टाइप कर गं.

तुमची पाच वर्षं माझ्यामुळे गेली, साहेब. पण तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, असं मात्र मला म्हणवत नाही. विचारलं असतं, तर तुम्हाला नाही म्हणावं लागलं असतं.