कमी सोडियमचं मीठ

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. आई दुपारी थोडी झोपते. सोमवारपासून मी दुकान उघडलं. चष्म्याच्या काचा घासताना हात चालतात, डोकं बंद राहतं, तेवढंच बरं.

तुझं पत्र मिळालं. "मीच बाबांना मारलं" हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं नाही. जेवणातलं मीठही सोडलंयस म्हणे. वेडी आहेस का?

तू ते कमी सोडियमचं मीठ पाठवलंस, ते बाबांच्या भल्यासाठीच. आळणी जेवणाला ते किती वैतागले होते! मास्तर ते मास्तरच. आईच्या भाजीला रोज दहापैकी दोन गुण. तुझं मीठ आलं आणि गाडी थेट आठवर. आवाज चढला, माझ्यावर खेकसायलाही लागले. घरात जीव आला.

डॉक्टरांनी सांगितलं ते खरंच आहे. त्या मिठात पोटॅशियम असतं. बाबांची मूत्रपिंडं आधीच अधू, त्यात रक्तदाबाची नवी गोळी पोटॅशियम बाहेर पडू देत नव्हती. ते रक्तात साठत गेलं आणि हृदय थांबलं.

पण ताई, तुला हे ठाऊक नव्हतं. मला होतं.

ती गोळी आणायला मीच गेलो होतो. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, "घरात कमी सोडियमचं मीठ वापरता का? वापरत असाल तर आजच बंद करा. या गोळीबरोबर ते चालत नाही." मी मान हलवली. घरी आलो तर बाबा तिसऱ्यांदा भाजी मागून घेत होते आणि आई कितीतरी दिवसांनी हसत होती. ओठांवर आलेलं मी गिळलं. म्हटलं, हे पाकीट संपू दे, मग सांगू. रोज उद्यावर ढकललं. सतरा दिवस.

बाबा गेले तेव्हा तरी बोलायचं. डॉक्टरांना भेटून तू बाहेर आलीस, माझे हात धरून रडलीस, "मला माफ कर रे" म्हणालीस. मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "जाऊ दे ताई, केलं माफ."

आईला मी रविवारी सांगणार आहे. त्याआधी तुला कळायला हवं होतं. फोन कर, नाहीतर करू नकोस.

तुला माफ करायचा काडीचाही अधिकार नसलेला,
तुझा धाकटा