चार्जरवरचं ओलं गोणपाट

अहो,

गाड्यांच्या चार्जरच्या गनला तुम्ही गुंडाळलेलं ओलं गोणपाट मी ओढून फेकलंय. पुन्हा गुंडाळू नका. उन्हात गन तापली की मशीन आपसूक हळू होतं, ते आपल्याच जिवासाठी. तुम्ही तिला माठासारखं गार ठेवून मशीनला फसवलंत, अन् आतलं प्लास्टिक वितळलं. गाडीवाल्यांना लई घाई असली तर चहावर थांबवा.

सकाळी जळका वास आला तर म्हणालात, "कावेरी, फोडणी करपली बघ." फोडणी नव्हती ती.

मेन स्विच बंद केलाय, तरी गन अजून चटके देतेय. हात लावू नका. मी शेजारच्या रूपालीच्या स्कूटीवर केजला दवाखान्यात जातेय. भात झाकलाय. अक्षराला हसू नका, डाव्या हातानं लिहिलंय.

कावेरी