आल्या तेवढ्या बायका

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. काल फोनवर मी नुसतं हूं हूं करत होते, म्हणजे तुझं ऐकलं असं समजू नकोस. पुण्याच्या परिषदेत मी माझा प्रोग्रॅम मांडणार आहे, त्यातलं शेवटचं पान काढून टाक म्हणालास. त्या पानावर आईचं नाव आहे. आक्काताई आणि त्यांची भांगलणीची टोळी, गडमुडशिंगी, यांच्याकडून ही पद्धत शिकले, एवढंच लिहिलंय. व्यावसायिक वाटत नाही म्हणे. दादा, ते पान निघणार नाही.

तुला वाटतं मी आईला खूश करायला नाव घातलंय. तसं नाही, नीट ऐक. साच्यात लोखंड ओतल्यावर ते कुठे आधी थिजेल, कुठे पोकळी राहील, हे आमचा प्रोग्रॅम आधीच दाखवतो. गणित प्रचंड, म्हणून ते प्रोसेसरांमध्ये वाटून द्यावं लागतं. ऑफिसच्या मशीनला सोळा प्रोसेसर, म्हणून मी साच्याचे सोळा सारखे तुकडे केले. तो आकडा तूच लिहायला सांगितला होतास. इथे झकास पळाला. कागलच्या कारखान्यात नेला, तर तिथे सहाच प्रोसेसर, त्यातले दोन दुसऱ्याच कामात गुंतलेले. त्यात जाड भागाचा तुकडा एकाच्याच वाट्याला आलेला. बाकीचे आपापलं संपवून रिकामे बसले आणि तो एकटा घासत राहिला. मालक अमरसिंह दोन चहा पिऊन म्हणाले, "बाई, एवढ्या येळात वतून, फोडून बघितलं असतं की." मी मान खाली घालून घरी आले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईबरोबर रानात गेले, कारण अकरा जणी ठरल्या होत्या आणि सातच आल्या. मी म्हटलं, अकरा जणींचं रान सात जणींत कसं वाटणार? तर म्हणाली, "घरात बसून कशाला वाटायचं? बांधावर किती जणी हायत ते बघायचं, मग पात धरायची." पात म्हणजे एकेकीने भांगलायचा, तण खुरपून काढायचा पट्टा, एवढं तू विसरला नसशील. आईने पाती लहान लहान पाडल्या. जिची संपेल तिने पुढची धरायची, आणि पुढची उरली नाही की मागे पडलेलीच्या पातीत दुसऱ्या टोकाने शिरायचं. चिमणाबाईचा गुडघा दुखतो, ती नेहमीच मागे. तिला कुणी हटकत नाही. समोरून कुणीतरी खुरपत येते आणि दोघी मध्ये भेटतात. जेवणानंतर एक जण लेकराला ताप आला म्हणून निघून गेली, तरी काही अडलं नाही. मी खुरपं हातात धरून बघतच राहिले आणि आईच्या शिव्या खाल्ल्या.

सोमवारी तो सोळाचा आकडा खोडला. आता प्रोग्रॅम सुरू होताना आधी मशीनला विचारतो, किती जण मोकळे आहेत. मग कामाचे बारीक तुकडे पाडतो. ज्याचं संपेल तो पुढचा उचलतो, नाहीतर मागे पडलेल्याच्या दुसऱ्या टोकाचा घेतो. मध्येच एखादा प्रोसेसर दुसरीकडे गेला तरी उरलेले ओढून नेतात. कागलच्या सहाच्या मशीनवर चालला, पुण्याच्या चौसष्टवर एक ओळही न बदलता चालला. हे आधी कुणीतरी शोधलं असेल, पुस्तकातही असेल, मी नाही म्हणत नाही. मी मात्र ते रानात शिकले, आणि जिच्याकडून शिकले तिचं नाव घेणार.

खरं कारण व्यावसायिकपणा नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. तुझ्या नव्या फ्लॅटवर तुझे साहेब जेवायला आले होते, तेव्हा तू आईची ओळख शाळेत शिक्षिका होती अशी करून दिलीस. तेच साहेब आता परिषदेत पहिल्या रांगेत असणार. परतीच्या एसटीत, कराड मागे पडल्यावर आईने मला विचारलं, "मी कुठल्या शाळंत हुतो गं?" तेव्हापासून मला तुझा राग आहे, आणि तो मी मुद्दाम जपलाय. तू मला पहिला प्रोग्रॅम लिहायला शिकवलास, म्हणून तर तो जास्त आहे.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण तू आईला गोड बोलून घरी बसवलं असतंस. म्हणून कुरिअर करतेय. शुक्रवारी सकाळी तुला मिळेल, तेव्हा आम्ही गाडीत असू. आई परिषदेला येतेय. एकटी नाही, सगळी टोळी येतेय, चिमणाबाईसुद्धा. स्वारगेटला उतरून सरळ तुझ्याकडे मुक्कामाला येतोय. परवानगी मागत नाहीये, कळवतेय. भाकऱ्या आणि खर्डा बांधून आणतोय, वहिनीला त्रास नको. तू एकच कर. खाली वॉचमनला सांगून ठेव की तुझी आई येणार आहे. ती काय करते असं त्याने विचारलं, तर तेवढं एकदा खरं सांग.

तुझीच,
प्रीती