डावीकडची सीट

लडलो, १९ ऑक्टोबर

प्रिय मॉरीन,

काल संध्याकाळी आम्ही सुखरूप घरी पोचलो. तुझ्यासाठी आणलेलं चीज फ्रीजमध्ये आहे आणि त्याच्या वासाने शेजारचं दूध नासेल असं वाटतंय. आता खरं ते सांगते. तुझ्या भावाला काल काय झालं होतं ते मला दिवसभर कळत नव्हतं, आणि घरी आल्यावर कळलं तेव्हापासून तर मला काहीच कळेनासं झालंय.

एकोणीस वर्षं आम्ही मोटरहोममध्ये चूल-बिछाना भरून युरोपात जातोय. परतीचा दिवस कसा असतो ते तुला ठाऊक आहे. क्लिफर्डला घर दिसायला लागतं. मग तो ना चहाला थांबतो, ना धड बोलतो. काल मात्र स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून तयार! हमरस्ता सोडून त्याने गावागावांतून गाडी काढली. समोरून येणाऱ्या प्रत्येक मोटरहोमला हात केला. हे काम इतकी वर्षं माझं. "तूच कर राणीसारखा हात, मी स्टिअरिंग सांभाळतो," असं म्हणणारा माणूस हा. फ्रान्सच्या टोकाला, कॅलेच्या बोगद्याच्या रांगेत तर फडकं घेऊन डॅशबोर्ड पुसत बसला. मी म्हटलं, "विकायला काढलीस की काय गाडी?" तो हसला नाही. "धूळ बसली होती," एवढंच म्हणाला.

माझ्या मनात नको नको ते आलं. डॉक्टरांनी काही वाईट सांगितलं असेल आणि हा गिळून बसला असेल. किंवा, हसू नकोस, पण मला वाटलं हा मला सोडून चाललाय. शेवटच्या कॅम्पवर बेडफर्डची एक विधवा होती, तिची गॅसची टाकी बदलून देताना तो फारच गोड बोलत होता.

तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं आणि आपलं स्टिअरिंगही उजवीकडे, त्यामुळे डावीकडून येणाऱ्या गाड्या चालवणाऱ्याला धड दिसत नाहीत. त्या बघणं माझं काम. "मोकळं?" तो विचारतो. "चल," मी म्हणते. एवढ्या दोन शब्दांवर आम्ही पोर्तुगालपर्यंत जाऊन आलोय. समुद्राखालच्या बोगद्यातून इंग्लंडात आलो की माझी नोकरी संपते आणि मी बिस्किटांचा पुडा फोडते.

काल पुडा फोडून झाला होता. ऑक्सफर्डच्या जवळ डिझेल भरलं आणि गोल चौकाशी तो थांबला. "मोकळं?" मी सवयीने डावीकडे पाहिलं, आणि मग लक्षात आलं की इथे तर गाड्या उजवीकडून येतात, त्याच्याच खिडकीकडून. मागे हॉर्न वाजायला लागले. "अरे क्लिफ, तुझ्या बाजूला तूच बघ की!" तो समोरच बघत म्हणाला, "हेदर, तू बघ ना जरा." मी पट्टा सोडला, त्याच्या अंगावरून वाकून बघितलं आणि म्हटलं, "चल." पुढचे शंभर मैल आम्ही विटांच्या एका ट्रकमागून आलो. बिस्किटाला कुणी हात लावला नाही.

दारात पोचल्यावर त्याने बसल्या जागीच सांगून टाकलं. उजव्या डोळ्याने त्याला जवळजवळ दिसत नाही. सत्तरीनंतर एवढी जड गाडी चालवायला डॉक्टरची सही लागते. ती सही डॉक्टरांनी जुलैतच नाकारली, शिवाय ही गाडी ताबडतोब बंद कर म्हणून बजावलं. छोटी चालेल म्हणे. "एकदा शेवटचं, हेदर," म्हणाला. म्हणजे सहा आठवडे मी आंधळ्याची काठी होते आणि काठीलाच पत्ता नाही! मी इतकी चिडले, मॉरीन, की समोरच्या घराचा पडदा हलला. माझ्या जिवाशी खेळ, आणि रस्त्यावरच्या लोकांच्याही. मग तो इस्त्रीचा शर्ट दिसला आणि मला रडू आलं. आज त्याला सत्तर पूर्ण झाली, आणि मी अजून शुभेच्छाही दिलेल्या नाहीत. सकाळचा चहा त्याच्या हातात द्यावा की डोक्यावर ओतावा, हे कळत नव्हतं.

शनिवारी एक माणूस गाडी बघायला येतोय. हेही त्याने परस्पर ठरवलंय. मी आज माझं लायसन्स काढून पाहिलं. आपण जुन्या काळी परीक्षा दिली, म्हणून त्यावर जड गाडीची परवानगी आपसूक आहे, आणि माझ्या सत्तरीला अजून सात वर्षं आहेत. पहिल्या वर्षी एकदाच चालवली होती, तेव्हा फाटकाचा खांब पाडला. नंतर त्याने दिली नाही, आणि मीही मागितली नाही, हे खरं. तू बावीस वर्षं फिरत्या ग्रंथालयाची गाडी गल्लीबोळांतून हाकलीस. गुरुवारी मला शिकवायला येशील? मला जमेल की नाही, ठाऊक नाही. मी त्याला माफ केलंय का, तेही ठाऊक नाही. त्या माणसाला परत पाठवायचं का, एवढं शनिवारच्या आत कळायला हवं. क्लिफर्डला अजून बोलले नाही. पण तिकडे डावीकडच्या सीटवर बसणाऱ्याला फक्त डावीकडे बघायचं असतं, मॉरीन, आणि त्याचा डावा डोळा चांगला आहे.

तुझीच,
हेदर